गोठ्यातली नदी

जुन्या आंबेगावच्या माणसांकडे मरणाची बातमी घेऊन जायचं असेल तर पांढऱ्या रंगाचा एक लहान डबा बरोबर न्यावा लागतो. मी त्या गावचा जावई, पण हे मला शांता गेल्यावर कळलं.

ती मार्गशीर्षात गेली. दहाव्याच्या दिवशी तिचा जुन्नरचा चुलतभाऊ रमेश माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "दाजी, गावाला सांगून यायला पाहिजे."

"गाव तर धरणात गेलं," मी म्हणालो.

"गेलं. पण सांगायची सोय हाय. किसनबाबा हायेत ना."

किसनबाबांविषयी शांताने मला कधी सांगितलं नव्हतं. गावाचा विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, "मला ते पाणी बघायचं नाही." मीही मग आग्रह करत नसे. आमचं घर पुस्तकांनी भरलेलं आणि शांत होतं, आणि तिचं गाव आमच्याकडे येई ते वर्षातून एकदा मासवडीच्या रूपाने. त्या दिवशी मला स्वयंपाकघरात प्रवेश नसे.

रमेशकडून मी एवढं समजून घेतलं: किसनबाबा नावाचे एक गृहस्थ धरणाच्या वर, नव्या वस्तीत राहतात. चित्रकला कुठे शिकले नाहीत, पण त्यांनी आपल्या गोठ्याच्या भिंतींवर सगळं बुडालेलं गाव काढून ठेवलं आहे, माणसांसकट. कुणी गेलं की घरच्यांनी जाऊन सांगायचं, म्हणजे ते माणूस चित्रातून हलतं. कुठे हलतं, ते रमेशने सांगितलं नाही. "तिथंच बगा," म्हणाला.

चैत्र लागल्यावर मी निघालो.

जुन्नर

नारायणगावला उतरलो तेव्हा सकाळच होती, पण बाजार जागा होऊन दमलासुद्धा होता. टोमॅटोचे क्रेट माणसाच्या उंचीच्या वर रचलेले आणि सगळ्या रस्त्याला त्यांचा हिरवट, आंबूस वास. तिथून जुन्नरला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या मांडीवर एका बाईंनी न विचारता आपली पिशवी ठेवली. पुण्यात असं झालं असतं तर मी आखडलो असतो. इथे ती पिशवी मला बरी वाटली. बऱ्याच दिवसांत कुणी माझ्याकडे काही सोपवलं नव्हतं.

रमेश मला बाजारपेठेतल्या एका रंगाच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला. तिथे सगळे त्यांना चाचा म्हणत होते. मी म्हटलं, "ऑइलपेंट पाहिजे, पांढरा. सगळ्यात लहान डबा."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोण गेलं?"

मी गोंधळलो. रमेशच म्हणाला, "शांताताई, चाचा. हे आमचे दाजी."

"ब्रश नको ना? न्हाईच लागत. ब्रश त्यांच्याकडं असतोय." त्यांनी डबा कागदात गुंडाळला, दोऱ्याने बांधला, आणि गाठ मारताना म्हणाले, "घर रंगवायला कुणी एवढासा न्हेत न्हाई. एवढासा एकटाच डबा मागितला की मी पयलं तोंड बघतो. किसनला म्हणावं, निळा आलाय. पल्याड माणसं वाढली, पाणी दिसंना झालं असंल."

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही.

रमेशला दुपारी काम होतं, म्हणून घोडेगावकडे मी एकटाच निघालो. जीप घाट उतरत होती आणि मी पुस्तक उघडून बसलो होतो. वाचत नव्हतोच. माझ्या मागचा एक तरुण ओरडला, "पावणं, पिशवी बगा! दूध सांडतंय!"

दूध नव्हतं. डब्याचं झाकण सैल होऊन रंग गळत होता. पिशवीचा तळ, माझी पॅन्ट आणि पुस्तकाची शेवटची पानं पांढरी झाली होती.

"आता शेवट कळायचा न्हाई, राव," तो म्हणाला आणि सगळी जीप हसली. ड्रायव्हरने गाडी थांबवून दगडाने झाकण ठोकून दिलं. "कोणाकडं, किसनबाबाकडं का?" त्याने विचारलं. मी हो म्हटल्यावर हसणं थांबलं, आणि उतरेपर्यंत कुणीतरी माझी पिशवी सरळ धरून बसलं होतं.

अल्याड आणि पल्याड

डिंभ्याच्या पुढे रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळत जातो. चैत्रात पाणी बरंच उतरलेलं असतं. डोंगराच्या पायथ्याला एकाखाली एक अशा फिक्या मातीच्या रेघा दिसतात, आणि त्यांच्या खाली, जिथून पाणी नुकतंच मागे सरलं आहे तिथे, गाळात पेरलेलं कोवळं हिरवं. पाणी उतरेल तसतसे लोक त्याच्या मागोमाग आपल्या बुडालेल्या जमिनीत उतरतात आणि पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. पाणी परत चढायच्या आत काढून घ्यायचं. ऊन पांढुरकं होतं, हिरड्याची झाडं स्तब्ध होती. मला सारखं वाटत होतं, की मी हे पाहत नाही, कुणीतरी मला हे आठवून सांगत आहे.

किसनबाबांचं घर वस्तीच्या टोकाला. साध्या पत्र्याचं घर, शेजारी त्याहून लांबलचक गोठा. दारात हौसाबाई, त्यांची बायको, शेण्या थापत होती. मी कोण ते सांगितलं. तिने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि आत हाक मारली, "अवं, शाळंमागचं जावई आल्यात!"

जे गाव पाण्याखाली आहे त्याचा मी जावई, आणि मला पाट, पाण्याचा तांब्या, नवा टॉवेल, नारळ, टोपी सगळं मिळालं. किसनबाबा बारीक अंगाचे, वाकलेले, पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्यांनी माझ्या पिशवीतला रंगाने माखलेला डबा पाहिला आणि विचारलं नाही. पहिलं चहापाणी, मग बातमी, अशी इथली रीत असावी. आमच्याकडे दारातच बातमी सांगून माणसं मोकळी होतात.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "चला. वाहाणा हितंच काढा. नदीत वाहाणा घालत न्हाईत."

गोठ्यात शिरलो. उजेड दारातून आणि पत्र्याच्या फटींतून येत होता. डोळे सरावले तसं गाव दिसू लागलं. डाव्या हाताच्या सबंध भिंतीवर घरं, गल्ल्या, देऊळ, शाळा, पार. उजव्या हाताला समोरासमोर दुसरी भिंत, तिच्यावर नदीपलीकडचा काठ. आणि मधे आपण उभे असतो ती जमीन, शेणाने सारवलेली. ती नदी. तिच्या मधोमध एक म्हैस रवंथ करत बसली होती.

"डावीकडं अल्याड, उजवीकडं पल्याड," किसनबाबा म्हणाले. "आमचं मसणवट नदीच्या पल्याड व्हतं. माणूस गेलं की नदी वलांडून न्ह्यायचं. मग हितं बी तसंच."

माणसं बोटभर उंचीची होती. प्रमाण नाही, सावली नाही. बैल घराएवढे, देवळापेक्षा विहीर मोठी. पण प्रत्येक माणूस काहीतरी करत होता आणि कुणाचंही तोंड दुसऱ्यासारखं नव्हतं. ज्याला जसं शेवटचं पाहिलेलं किसनबाबांना नीट आठवत होतं त्या वयाचं त्याला काढलं होतं, त्यामुळे काही आजोबा मुलं होते आणि त्यांचे धाकटे भाऊ म्हातारे. अल्याडच्या भिंतीवर जागोजाग माणसाच्या आकाराचे पांढरे डाग होते. ओट्यावर, पारावर, विहिरीच्या काठावर. माणूस पल्याड गेलं की त्याची जागा पांढरी करायची आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. पांढरं करायचं ते बातमी आणणाऱ्याने, स्वतःच्या हाताने. मग किसनबाबा त्या माणसाला पल्याड काढत.

पल्याड तर जत्रा भरली होती, भिंतीच्या तळाशी काढलेली पाण्याची निळी पट्टी त्या गर्दीत जेमतेम दिसत होती. कुणी पत्ते खेळत होतं, कुणी कुरडया वाळत घालत होतं, एक म्हातारा नुसताच हिरड्याखाली झोपला होता.

"तिकडं माणसाला आवडीचं काम," ते म्हणाले. "घरच्यांनी सांगायचं, मी काढायचं."

"पण हे सुरू कसं झालं?"

उत्तर हौसाबाईने दिलं. ती शेणाची पाटी घेऊन मधून चालली होती. म्हशीला वळसा घालताना तिने लुगड्याचा काठ पाण्यातून जाताना धरतात तसा जरासा उचलून धरला होता, तिच्या ध्यानातही नसावं. "गाईपायी, दुसरं काय. हितं आल्यावर आमची गाय गोठ्यात बसंना. दावं तोडायची आन् पाण्याकडं पळायची. मग ह्यांनी चुना आन् काजळी घिऊन भितीवर आमची जुनी गल्ली काढली, म्हनलं गाईला घर वाटंल. बसली की वो गाय! मग ह्यांचा हात थांबंचना. गल्ली झाली, मग घरं, मग म्हनलं घरं रिकामी कशी ठेवायची."

गाईची गंमत सांगून ती गेली. किसनबाबा माझ्याकडे वळले. आता बोलायची वेळ होती.

"शांता गेली," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. मग मला शाळेमागच्या घराशी नेलं आणि ओट्यावरच्या मुलीवर बोट ठेवलं. "ही बगा. हितंच हाय."

मी वाकून पाहिलं. बुटकी, गोल चेहऱ्याची मुलगी, हनुवटीवर ठळक तीळ. मी तो तीळ अनेक वर्षं पाहिला होता, पण माझ्या बायकोच्या हनुवटीवर नव्हे.

"ही शांता नाही, बाबा. ही कुसुमताई. तिची थोरली बहीण."

"थोरली? थोरली तर मागंच गेली. तिच्या पोरानं मुंबईवनं येऊन सांगितलं. दहा-बारा वर्सं झाली. मीच न्हेली की पल्याड."

ते तडक समोरच्या भिंतीकडे गेले, मी त्यांच्या मागे. तिथे पाण्याच्या कडेला एक उंच, शिडशिडीत मुलगी बसली होती. लांब मान, पाठीवर दोन वेण्या. मांडीवर सूप, आणि सुपातले तांदूळ ती डाव्या हाताने निवडत होती.

शांता डावखुरी होती.

"उंच ती थोरली," किसनबाबा पुटपुटले. "मी उंच तीच थोरली धरली. पोरानं बी मी बोट ठेवलं तिथंच पांढरं केलं."

सगळं मला उलगडलं तेव्हा आधी हसू आलं. बातमी कुसुमताईंची आली होती. तांदूळ निवडणं कुसुमताईंना आवडायचं, शेजाऱ्यांचे तांदूळही त्या मागून आणून निवडत. आणि शांताला त्या कामाचा इतका कंटाळा, की आमच्याकडे भातात खडा लागला की मी तो मुकाट्याने ताटाच्या कडेला ठेवायचो. मी किसनबाबांना हे सांगितलं. सांगता सांगता मी मोठ्याने हसत होतो. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदाच.

ते हसले नाहीत. हौसाबाई मात्र दारातून कडाडली, "जितीजागती बाई पल्याड बसवली, आन् वर तांदूळ निवडाया लावली! डोळं फुटलं व्हतं का तुमचं?"

ते म्हशीशेजारी खाली बसले. मग त्यांनी मला विचारलं, आणि तेव्हा मला कळलं त्यांना कसली भीती वाटते आहे. "तिला काय झालं न्हाई ना? त्या वर्सांत? माझ्या ह्या चुकीपायी... काय दुखणंबिकणं?"

"नाही हो," मी म्हणालो. "त्याच वर्षांत ती स्कूटर शिकली. मला मागे बसवून सगळं पुणं फिरायची."

"पल्याड असताना?"

"पल्याड असताना."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

वाळेपर्यंत

आधी कुसुमताईंचं काम करू, असं ते म्हणाले. माझ्या डब्यातला पांढरा मी काडीने ढवळला आणि ओट्यावरच्या तिळाच्या मुलीवरून ब्रश फिरवला. काम पटकन झालं. त्यांचं दुःख आमच्या घरात होऊन गेलं होतं. किसनबाबांनी त्यांना पल्याड आईशेजारी बसवलं आणि तांदळाचं सूप त्यांच्या मांडीवर दिलं.

मग शांताला मागे आणायचं. इथे ते अडले. पल्याडची जागा कशाने झाकायची? "पांढरं न्हाई चालायचं. पांढरं अल्याडचं. पल्याडनं माघारी कुणी आलंच न्हाई आजवर." शेवटी त्यांनी तिथे हिरड्याचं रोप काढलं. ते नीट जमलं नाही, वेणीचं टोक पानाखालून दिसत राहिलं. आणि अल्याड, शाळेमागच्या घराच्या ओट्यावर, कुसुमताईंच्या पांढऱ्या डागाच्या बाजूला, तिच्या स्वतःच्या जुन्या डागावर, त्यांनी शांता पुन्हा काढली. उंच, दोन वेण्या, हात मोकळे.

ओला रंग चमकत होता. ती आत्ताच आंघोळ करून आल्यासारखी दिसत होती.

"आज हिला हात लावता येत न्हाई," ते म्हणाले. "वाळाया पायजे. उद्या बगू."

जेवायला मासवडी होती. हौसाबाई ओल्या फडक्यावर बेसन थापून, त्यात तिळाखोबऱ्याचं सारण भरून गुंडाळी करत होती, आणि मी चुलीपुढे पाटावर बसून बघत होतो. माझ्या घरात ज्या खोलीचं दार या कामासाठी लावलं जायचं, तिच्यात जणू मला उशिरा घेतलं होतं. चव तीच होती. तिखट अंमळ जास्त. किसनबाबा जेवले नाहीत. "गावानं माझ्यावर सोपवलंय सगळं," एवढंच म्हणाले.

उन्हं कलल्यावर ते मला पाण्यापर्यंत घेऊन गेले. गाळात मूग उगवला होता. पलीकडे पाण्यातून एका देवळाचा काळा माथा वर आला होता, त्यावर बगळा. शाळा कुठे होती ते त्यांनी हाताने दाखवलं. तिथे पाणी होतं, सपाट आणि फिकं, आणि त्यावर ढगाची सावली सरकत होती. शांताला जे बघायचं नव्हतं ते मी तिच्या वतीने बघून घेतलं.

परत येताना ते थांबले. बोलायची जुळवाजुळव त्यांनी वाटभर केली असावी.

"जावईबापू, एक सांगू? तिची दहा-बारा वर्सं माझ्याकडं ऱ्हायलीत. फुकट पल्याड बसवली मी तिला. तवा तिला आता अल्याडच बसू द्या तेवढी वर्सं. कुणी इच्यारलं तर मी सांगीन. माझा हिशोब हाय तिच्याशी."

खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. पुण्याच्या घरात तिच्या चपला मी अजून दाराशीच ठेवल्या होत्या. जगात एका तरी भिंतीवर ती गेलेली नाही, आणि ते खोटंही नाही, कारण चुकलेल्या वर्षांची ती भरपाई आहे. त्यात कुणाचं काय जाणार होतं?

मी पुन्हा गोठ्यात गेलो आणि तिच्यासमोर बसलो. म्हशीने माझ्याकडे एकदा पाहिलं. पत्र्याच्या फटींतून येणारं ऊन गावावरून सरकत होतं, पारावरून विहिरीकडे, विहिरीकडून शाळेकडे. ते शांतापर्यंत आलं तेव्हा मला तिचं घर पहिल्यांदा नीट दिसलं. दारात एक पांढरा डाग, ते वडील. चुलीपाशी पांढरा डाग, ती आई. ओट्यावर तिच्या शेजारी आजचा, ओला. सगळ्या घरात ती एकटी होती.

पुण्यात मला यायला उशीर झाला की ती घरात दिवा लावायची आणि स्वतः बाहेर जिन्यात येऊन बसायची. रिकाम्या घरात बसणं तिला जमत नसे. शेजारणीशी बोलत, नाहीतर नुसतीच, पायरीवर. मी जिना चढू लागलो की म्हणायची, "आलास? चल आता आत."

दुसरी सकाळ

सकाळी मी बोट लावून पाहिलं. रंग वाळला होता.

"काय ठरलं?" किसनबाबांनी विचारलं. हौसाबाई म्हैस सोडून बाहेर घेऊन गेली होती. नदी मोकळी होती.

"तिकडे सगळी आहेत तिची," मी म्हणालो. "इथे कोणी नाही."

त्यांनी ब्रश घासलेटात धुऊन, धोतराला पुसून माझ्या हातात दिला. डब्यात तळाशी थोडा पांढरा उरला होता, जीपमध्ये सांडून वाचलेला. कुसुमताईंच्या वेळी पटकन झालेलं काम आता मी सावकाश केलं. पायांपासून सुरुवात केली. मग परकर, मोकळे हात, वेण्या. चेहरा शेवटी. रंग पुरला.

किसनबाबा समोरच्या भिंतीपाशी जाऊन बसले होते.

"बोला. काय करत बसवू?"

मी इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिलो, आणि मला पटकन सांगता येईना. स्कूटर म्हणावं तर नदीकाठी स्कूटर कुठली. मग उन्हाळ्यातली आमची गॅलरी आठवली. दुपारची कामं संपली की ती बादलीत गार पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसायची. पुस्तक नाही, रेडिओ नाही. मी काही वाचून दाखवू का विचारलं तर मानेनेच नको म्हणायची.

"पाण्यात पाय सोडून बसवा," मी म्हणालो.

"आन् हातात काय देऊ?"

"काही नको. काम काही देऊ नका तिला."

ते भिंतीच्या अगदी तळाशी वाकले. कुसुमताईंच्या आणि आईच्या थोडं पुढे, जिथे भिंत संपते आणि सारवलेली जमीन सुरू होते, तिथे त्यांनी तिला काढलं. डावा हात मागे टेकलेला, मान वर. पाय खाली, खाली, भिंतीच्या कडेपर्यंत, आणि पावलं काढलीच नाहीत. ती पावलं जमिनीत, पाण्यात होती.

"ह्या खेपंला चूक न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. तीच आहे."

मग ते उठले आणि बाहेर हौसाबाईला हाक मारून म्हणाले की भूक लागली आहे, कालचं काय असंल ते वाढ.

माझी घोडेगावची जीप यायची होती. मी रिकामा डबा आणि ते पुस्तक पिशवीत घातलं, ती खांद्याला लावली, आणि शांताकडे पाठ न करता दाराकडे निघालो. दारापाशी हौसाबाई म्हशीचं दावं धरून उभी होती, आत यायची वाट बघत. ती माझ्या पायांकडे पाहून गालात हसली.

मी खाली पाहिलं. मी पॅन्ट दोन्ही हातांनी घोट्यांच्या वर उचलून धरली होती.